मावशींच्या घरी जाताना

ज्यांचं मूल मारलं गेलं त्या मावशींच्या पहिल्या भेटीला संघटनेचा बॅनर, कॅमेरा काही नको. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, तेव्हा जा. चहा दिला तर घे. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूदाखला, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढ. मूळ कागद त्यांच्याच ट्रंकेत राहू देत. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडितांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम १९३). ती तारीख वहीत लिही. भरपाईसाठी ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठ. बेलापूर कोर्टात तारीख असेल तर डबा सोबत ने, नंबर कधीकधी दुपारनंतरच लागतो. मावशींशी नातं तुटतं ते बहुधा स्टेजमुळे: सभेत ‘शहिदाची आई’ आणि आरोपपत्राच्या वेळी सोबत कुणी नाही. बोलायला नाही म्हणाल्या की विषय संपला. वर्षश्राद्धही त्याच वहीत टिपून ठेव.