नाशिकच्या आमच्या शाळेत आठवीच्या मुलांकडून सायबर छळावर पोस्टर करून घ्यायचे आहेत. नेमकं कसं करावं?

४० मिनिटांचे दोन तास लागोपाठ घ्या, चौघांचा एक गट, प्रत्येक गटाला एक ए-३ कार्डशीट.

पहिल्या तासात रंग काढूच देऊ नका. नाहीतर हमखास हुडी घातलेला हॅकर आणि कोपऱ्यात रडणारी मुलगी येते. खरा त्रास बहुतेक वेळा वर्गाच्याच ग्रुपवर, ओळखीच्यांकडून होतो, आणि हुडीवाल्यात कुणी स्वतःला ओळखत नाही. म्हणून एक क्षण निवडायला लावा: कुणाचातरी विद्रूप केलेला फोटो आलाय, अंगठा ‘फॉरवर्ड’वर टेकलाय. पोस्टर त्या अंगठ्याच्या मालकाशी बोललं पाहिजे. खरे स्क्रीनशॉट, खरी नावं, वर्गातली टोपणनावं अजिबात नकोत. गंमत म्हणून पुन्हा तोच छळ होतो. चॅट काल्पनिक लिहून घ्या.

मजकूर सात शब्दांपर्यंत. तीन मीटरवरून वाचायचा तर अक्षर अडीच सेंटीमीटर उंच हवं. पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही, पिवळ्यावर काळं ठसठशीत दिसतं. शिरोरेघ फार जाड झाली की मात्रा-वेलांट्या बुजतात. रविवार कारंजा चौकात चालता चालता वाचता येईल का, एवढंच विचारा.

खाली मदत हवीच: चाइल्डलाइन १०९८. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, हा क्रम चित्रात दाखवा. मात्र अल्पवयीनाचं अश्लील चित्र असेल तर पुरावा म्हणूनही ते कुणाला पाठवायचं नाही, थेट मोठ्यांना सांगायचं. असं चित्र पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे.