मी सिकलसेलची वाहक आहे, पुढे माझ्या मुलांना हा आजार होईल का?

ताई, तुमचा एएस पॅटर्न (एक जीन सिकलचा, एक नॉर्मल, म्हणजे वाहक) आलाय, लग्न ठरतंय आणि मुलांची काळजी वाटतेय असं तुम्ही लिहिलंय. मी पण एएस आहे, आमचं घर चंद्रपूरचं, माझा मोठा भाऊ एसएस (दोन्ही जीन सिकलचे, म्हणजे आजारच), म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळं होणाऱ्या नवऱ्याच्या रिपोर्टवर आहे. तो एए (दोन्ही जीन नॉर्मल) असेल तर बाळाला आजार होत नाही, फार तर तुमच्यासारखं वाहक होईल, त्याचा चान्स निम्मा. तो पण एएस निघाला तर मात्र 25 टक्के एसएस, 50 टक्के एएस, 25 टक्के एए.

ह्या 25 टक्क्यांवरून लोक फार घोळ घालतात, म्हणजे चारात एक ना, मग पहिलं आजारी झालं तर पुढची तीन सुटली. असं नसतं हो, प्रत्येक गरोदरपणात हिशोब नव्याने सुरू होतो. आमच्या आईबाबांना तर हेही माहीत नव्हतं, दोघं एएस पण तब्येतीने ठणठणीत, भाऊ थंडीत सांधे दुखून रात्र रात्र रडायचा आणि आजी आईला म्हणायची तुझ्या माहेरचं आहे हे. दोन्हीकडून एकेक जीन आल्याशिवाय एसएस होतच नाही, पण बोल आईनेच खाल्ले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अजून एक, नवऱ्याची नुसती सोल्युबिलिटी टेस्ट करून थांबू नका. त्यात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच कळतं. तो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक, असेल तरी टेस्ट निगेटिव्हच येणार, आणि तुमचं सिकल नि त्याचा बीटा थॅलेसेमिया असे दोन्ही बाळात आले तर तो आजार एसएसइतकाच जड जाऊ शकतो. म्हणून एचपीएलसीच (हिमोग्लोबिनचे प्रकार नि त्यांचं प्रमाण दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगा.

दोघं एएस निघालात तर लग्न मोडा असं मी सांगणार नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. गर्भाची तपासणी करता येते, दहा ते बारा आठवड्यांत वारेचा नमुना घेतात नाहीतर सोळाव्याच्या आसपास गर्भजल, पण त्याआधी तुमच्या दोघांच्या डीएनए टेस्ट लागतात, त्यामुळे दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना भेटा.

मी साखरपुड्याआधीच रिपोर्ट सासरी दाखवला होता, हात थरथरत होते खरं सांगते. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त दिलं.