३० पैकी ९ गुण आणि शाखा बदलण्याचा प्रश्न

प्रश्न: सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचा छोटा कारखाना आहे, साधे धोट्याचे माग. मुलगी सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आहे. बेसिक सिव्हिल अँड मेकॅनिकलच्या पहिल्या चाचणीत तिला ३० पैकी ९ गुण मिळाले. ती म्हणते, सगळं पाठ होतं. नातेवाईक म्हणतात, सिव्हिल तिला झेपणार नाही, दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला बदलून घ्या. उत्तरपत्रिकेचे फोटो सोबत पाठवतोय. काय करावं? – एक पालक

उत्तर: नमस्कार. फोटो पाठवलेत ते बरं केलंत, नुसत्या आकड्यावरून काही सांगता आलं नसतं. ही उत्तरपत्रिका अभ्यास न केलेल्या मुलीची नाही. व्याख्या बरोबर आहेत, नऊ गुण तिथलेच आहेत. बाकीचे तीन जागी गेलेत.

पहिली जागा लेव्हलिंगचं गणित, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्रातून उभ्या मोजपट्टीवरचे (स्टाफ) आकडे वाचून जागांची पातळी काढणं. बेंचमार्क (माहीत असलेली पातळी) १००.००० मीटर, त्यावर बॅकसाइट (यंत्र लावल्यावरचं पहिलं वाचन) १.३६५, मग इंटरमीजिएट साइट (मधलं वाचन) ०.९४०, मग चेंज पॉइंटवर (यंत्र हलवण्याआधीची शेवटची जागा) फोरसाइट (शेवटचं वाचन) १.८२०. यंत्र हलवल्यावर त्याच पॉइंटवर बॅकसाइट ०.७३५ आणि शेवटच्या जागी फोरसाइट २.११०. तिने यंत्राची उंची १०१.३६५ काढली, ती बरोबर. पण यंत्र उचलून दुसरीकडे लावल्यावरही शेवटचं वाचन तिने त्याच १०१.३६५ मधून वजा केलं आणि उत्तर लिहिलं ९९.२५५.

यंत्र हललं की त्याची उंची बदलते. म्हणून तर चेंज पॉइंटवर स्टाफ जागचा न हलवता दोनदा वाचतात. त्या पॉइंटची पातळी १०१.३६५ वजा १.८२०, म्हणजे ९९.५४५. त्यात ०.७३५ मिळवले की नवी उंची १००.२८०, आणि शेवटची पातळी ९८.१७०. तिची चूक १.०८५ मीटरची आहे. एवढ्या चुकीवर गटार बांधलं तर पाणी उलटं घरात येईल.

ही चूक तिला परीक्षेतच सापडली असती. सगळ्या बॅकसाइटची बेरीज २.१००, फोरसाइटची ३.९३०, फरक उणे १.८३०. शेवटच्या आणि पहिल्या पातळीतला फरकही तेवढाच यायला हवा. तिच्या उत्तरात तो उणे ०.७४५ येतो. ताळा करायला अर्धं मिनिट लागतं आणि बऱ्याचदा त्याला वेगळे गुण असतात. मात्र हा ताळा फक्त आकडेमोड तपासतो. स्टाफच चुकीचा वाचला असेल तर ताळा जुळूनही उत्तर चुकतं. इंटरमीजिएट वाचनं तर त्यात येतच नाहीत, ती तपासायला राइज अँड फॉल पद्धत (लागोपाठच्या वाचनांतला चढ-उतार काढायची) सोयीची.

सरावाला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी आणि टेप पुरेसा आहे. कारखान्याच्या उंबऱ्यापासून रस्त्याकडेच्या गटारापर्यंत उतार किती, ते मोजायला सांगा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येत नाही आणि माप चुकतं. ते एकदा हातून चुकलं की कायमचं लक्षात राहतं.

दुसरी जागा काँक्रीट. एक घनमीटर एम-२० (काँक्रीटची एक प्रत) ला, सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३ प्रमाणात, सिमेंट किती? तिने १ ला ५.५ ने भागून, १४४० ने (एक घनमीटर सिमेंटचे किलो) गुणून २६२ किलो काढलं, म्हणजे सव्वापाच गोण्या. पण खडीच्या फटीत वाळू बसते आणि वाळूच्या फटीत सिमेंट, म्हणून एक घनमीटर ओल्या काँक्रीटला सुमारे १.५४ घनमीटर कोरडा माल लागतो. तो गुणक धरला की ४०३ किलो, आठ गोण्या. (काही पुस्तकांत १.५२ किंवा १.५७ असतं, वर्गात शिकवलेलं वापरावं.) क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवण्याला) तिने ‘७ दिवस’ लिहिलंय. साध्या ओपीसी सिमेंटला ते चालतं, पण आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला आणि कोरड्या, कडक हवेत किमान १० दिवस लागतात. एप्रिल-मे मधल्या सोलापूरला आणखी वेगळं काय म्हणायचं!

तिसरी जागा वाचून मात्र हसू आलं, कारण तिचं उत्तर तुमच्या शेडमध्येच उभं आहे. फोर स्ट्रोक इंजिनात ‘कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने फिरतो’ असं तिने लिहिलंय. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. चार स्ट्रोक म्हणजे क्रँकचे दोन फेरे, आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो.

आता साधा माग बघा. वरच्या क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात फणी एकदा ठोकते, धोटा एकदा जातो. पण तो एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. म्हणजे प्रत्येक बाजूचा फटका दोन फेऱ्यांत एकदाच हवा, म्हणून फटका देणारे कॅम खालच्या शाफ्टवर असतात आणि तो शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. इंजिनातलं गणितही हेच. माग बंद, मेन स्विच बंद, ओढणी बांधलेली आणि जॉबर (माग जुळवणारा कारागीर) शेजारी, अशा वेळी तिला दोन्ही गिअरवर खडूची खूण करून हातचाकाने माग फिरवू द्या. वरची खूण दोनदा येईल तेव्हा खालची एकदा येईल. दातही मोजायला सांगा, खालच्या गिअरला दुप्पट असतील.

बेल्ट ड्राइव्हही तिथेच शिकता येईल. समजा मोटरच्या पाटीवर ९६० आरपीएम आहे, मोटरची पुली ७५ मिमी आणि मागाची ६०० मिमी. ९६० गुणिले ७५ भागिले ६००, म्हणजे १२० फेरे. प्रत्यक्षात मोजले तर चार-पाच कमीच भरतील, कारण बेल्ट घसरतो, तीच स्लिप. मुलं हा भागाकार उलटा मांडतात. मोठी पुली सावकाश फिरते, एवढं आठवलं तरी चूक कळते.

आता शाखेबद्दल. या तीन चुकांवरून सिव्हिल झेपणार की नाही हे ठरत नाही, आणि नातेवाइकांचा रोख ती मुलगी आहे यावर असेल तर ते कारणच मी धरत नाही. बदल मिळणं रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर अवलंबून असतं, त्यामुळे गुण सुधारणं दोन्ही वाटांनी गरजेचंच आहे. नियम आणि तारखा कॉलेजच्या ऑफिसात विचारा. कॉम्प्युटरचा विचार करायचाच तर तिला प्रोग्रॅमिंगच्या तासाला कसं वाटतं ते पाहा. न चालणारा प्रोग्रॅम घेऊन ती तासभर स्वतःहून बसते का?

सिव्हिलसाठीही अशीच एक परीक्षा आहे. ओळखीच्या कंत्राटदाराला सांगून, मिक्सरवर माल तयार होतो अशा साइटवर तिला स्लॅबच्या दिवशी पाठवा, हेल्मेट-बूट घालून, सकाळपासून काम संपेपर्यंत. हजार चौरस फुटांचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब असेल तर काँक्रीट सुमारे ११.६ घनमीटर. तिच्या पेपरातल्या हिशेबाने गोण्या साठच्या आसपास, खऱ्या हिशेबाने नव्वदीच्या पुढे. संध्याकाळी विचारा, गोण्या किती लागल्या. आकडा कुणी न सांगता ती स्वतः मोजून आली असेल, तर शाखा बदलू नका.