ओढ उजवीकडे, दोष डावीकडे

प्रिय बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून निघालेला ट्रक ब्रेक दाबताच उजवीकडे ओढतो, म्हणून तू पुढच्या उजव्या चाकाला नवे लायनर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणारे अस्तर, घातलेस आणि दोन खेपांनंतर ओढ कमी होण्याऐवजी वाढली, असे तू लिहितोस. ती वाढणारच होती. ब्रेक लावल्यावर गाडी त्या बाजूला वळते, ज्या बाजूच्या चाकाला ब्रेक जास्त लागतो. म्हणजे उजवे चाक आपले काम करीत होते आणि डावे मागे पडत होते. तू काम करणाऱ्या चाकालाच अधिक बळ दिलेस. लायनर बदलायचे तर एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे, एकाच प्रतीचे आणि एकाच वेळी बदलावे; मालकाने कितीही घाई केली तरी हा नियम मोडू नकोस.

पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरला शांतपणे बसवून विचार. ओढ फक्त ब्रेकवर आहे की मोकळ्या चालीतही आहे? पहिला झटका बसून गाडी पुन्हा सरळ होते, की थांबेपर्यंत ओढतच राहते? ब्रेक सोडल्यावरही ओढ रेंगाळते का? सुरुवातीला झटका आणि मग सरळ, असे असेल तर एका चेंबरला, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याला, हवा उशिरा पोहोचत आहे आणि बहुधा हवेचा रबरी होज आतून फुगून अरुंद झाला आहे. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, म्हणून पुष्कळ मिस्त्री त्याच्याकडे पाहतही नाहीत. सोडल्यावर ओढ रेंगाळत असेल तर एका बाजूचे शू, ज्यांवर लायनर बसलेले असते, मागे येत नाहीत, कारण रिटर्न स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा शू बाहेर ढकलणारा कॅमशाफ्ट त्याला आधार देणाऱ्या बुशमध्ये अडकत आहे. आपल्या भागात हे दुसरे कारण नेहमी मनात ठेवावे, कारण पावसाळ्यात शेताच्या वाटेवरची काळी माती थेट बुशपर्यंत जाते आणि ग्रीसिंग चुकले की उन्हाळ्यात तिथेच दगडासारखी घट्ट बसते. नाल्याच्या पाण्यातून आलेल्या गाडीची ओढ मात्र दोन-चार ब्रेकांत ड्रम सुकल्यावर जाते. तिच्यासाठी काहीही उघडू नये.

पुढच्या दोन्ही टायरांची हवा गाडी थंड असताना मोज, आणि दोघांचा आकार व झीज सारखी आहे का ते पाहा. रस्त्याचा उतार डाव्या कडेकडे असतो, त्यामुळे गाडी आपोआप थोडी डावीकडे जाते; तुझी गाडी उजवीकडे जात असल्याने दोष रस्त्यावर टाकता येणार नाही.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. सपाट जागेवर चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव, टाकीत हवा पूर्ण भरू दे आणि इंजिन बंद कर. पुढच्या दोन्ही चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर, म्हणजे ब्रेक दाबताच चेंबरमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर, खडूने खूण कर, हेल्परला पेडल दाबून धरायला सांग आणि खूण किती मिलिमीटर बाहेर आली ते दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिही. दोन्ही रॉड एकदम निघतात आणि एकदम परततात का, चेंबरमधून हवा सुटल्याचा आवाज येतो का, हेही त्याच वेळी लक्षात येईल. समज, उजवीकडे ३० आणि डावीकडे ४५ मिलिमीटर आले, तर डाव्या स्लॅक ॲडजस्टरकडे, म्हणजे ब्रेकमधला ढिलेपणा कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे, वळ. आकडे सारखे असूनही डावा ब्रेक कमजोर असेल, तर दोष ड्रमच्या आत आहे. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा ब्रेक मारून आल्यावर दोन्ही ड्रमांजवळ नुसता हात नेऊन पाहा, पण स्पर्श करू नकोस, कातडी सोलून निघेल; तुलनेने थंड राहिलेले चाक कामचुकार आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात परतवाड्याच्या एका गॅरेजमध्ये मी अशाच ओढणाऱ्या ट्रकचा चांगल्या बाजूचा स्लॅक ॲडजस्टर ढिला केला होता. गाडी सरळ थांबू लागली, मालक खूश झाला, आणि मीही. चार दिवसांनी लाकूड भरून सेमाडोहहून घाट उतरताना तीच गाडी वळणावर थांबली नाही. ड्रायव्हरने ती डोंगराच्या बाजूला घातली म्हणून दोघे वाचले. मी ओढ काढली नव्हती, दोन्ही चाके सारखीच कमजोर केली होती. आजही पुशरॉड मोजताना तो ड्रायव्हर माझ्या डोळ्यांसमोर येतो.

तुझ्या गाडीत मला डाव्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यभागातले, ग्रीस अडवणाऱ्या सीलचा संशय आहे. सीलमधून गळलेले ग्रीस लायनरवर उतरले असेल, तर ते लायनर पेट्रोलने धुऊन किंवा आचेवर जाळून पुन्हा बसवू नकोस, कारण आत मुरलेले ग्रीस ड्रम तापताच पुन्हा वर येते. सील आणि दोन्ही बाजूंचे लायनर नवे घाल, आणि एक ड्रम लेथवर जास्त कापला गेला आहे का ते दोन्हींचा व्यास मोजून ठरव. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नकोस, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस. इतके करूनही ओढ राहिली, तर ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंग पिनची ढिलाई तपास, कारण सेंटर बोल्ट तुटला असेल तर ब्रेकच्या जोराने ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो.

दोन्ही पुशरॉडचे आकडे मला कळव आणि डावीकडचे जुने लायनर फेकू नकोस, मला ते पाहायचे आहे. तोपर्यंत भरलेली गाडी महामार्गावर जाऊ देऊ नकोस. मालक ऐकत नसेल तर त्याच्याशी मी बोलेन.

तुझा,
जुना मिस्त्री