संगणक-शंका : वीस बाइटचा बॅकअप

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी उबुंटू ही कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये (आवृत्ती ८) ठेवल्या जातात. साप्ताहिक सुट्टी सोडून रोज संध्याकाळी सात वाजता क्रॉनमार्फत (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, चालते. ती मायएसक्यूएलडम्पने सर्व माहिती काढते, जीझिपने तिचा आकार कमी करून फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि तीस दिवसांहून जुन्या फाइली पुसते. गेल्या आठवड्यात काही सभासदांच्या नोंदी चुकून पुसल्या गेल्या, म्हणून बॅकअप उघडायला गेलो, तर सव्वीस फाइली जागच्या जागी होत्या, पण प्रत्येकीचा आकार अवघा २० बाइट! दोन महिन्यांपूर्वी आम्ही डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. स्क्रिप्टने मात्र एकदाही तक्रार केली नाही. चूक कोठे झाली?
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : वीस बाइट हा आकडाच सगळे सांगून जातो. जीझिपला आत काहीही मिळाले नाही, तरी ते आपले शीर्ष आणि शेपूट जोडून नेमकी वीस बाइटची, तांत्रिकदृष्ट्या निर्दोष अशी रिकामी फाइल तयार करते. जुना पासवर्ड नाकारला गेल्यामुळे मायएसक्यूएलडम्प थांबले. परंतु दोन कमांड नळीने (पाइपने) जोडलेल्या असतात, म्हणजे एकीतून निघालेली माहिती थेट दुसरीत जाते, तेव्हा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) केवळ शेवटच्या कमांडचा निकाल पाहते, आणि शेवटची कमांड, म्हणजे जीझिप, यशस्वी झालेली होती. पुढची ओळ जुन्या फाइली पुसण्याची. तिने आपले काम रोज इमानेइतबारे केले आणि महिन्याभरात शेवटचा चांगला बॅकअपही गेला.

माझ्या मते खरा दोष पासवर्डचा नाही, पुसण्याच्या ओळीचा आहे. नवा बॅकअप चांगला झाला आहे की नाही हे न पाहता, केवळ दिवस मोजून जुना पुसणारी स्क्रिप्ट ही बॅकअप नसण्यापेक्षाही घातक असते, कारण ती आपल्याला निर्धास्त ठेवते. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश हे शेल नमूद करून ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करावा. त्यामुळे नळीतील कोणतीही कमांड फसली तरी ते अपयश धरले जाते. फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने लिहावी. मायएसक्यूएलडम्प पूर्ण झाल्यावर शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड’ असा शेरा इंग्रजीत लिहिते. तो सापडला तरच फाइलला वर्ष-महिना-दिवस या क्रमाचे कायमचे नाव द्यावे, आणि ते दिल्यानंतरच जुन्या फाइलींना हात लावावा.

पुसतानाही वयापेक्षा संख्या मोजणे बरे. ‘शेवटच्या तीस चांगल्या फाइली ठेवा’ असा नियम केला, तर रंगकामासाठी वाचनालय महिनाभर बंद राहिले तरी काही बिघडत नाही. वयानेच पुसायचे असल्यास फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडमधील ‘डिलीट’ हा शब्द सर्वांत शेवटी लिहावा. तो अटींच्या आधी आला, तर अटी तपासण्यापूर्वीच फोल्डर रिकामे होते. प्रथम ‘डिलीट’च्या जागी ‘प्रिंट’ लिहून यादी वाचावी, हा सल्ला मी अनुभवी माणसांनाही देतो. बाहेरची डिस्क जोडलेली आहे ना, हेही ‘माउंटपॉइंट’ कमांडने आधी तपासावे. नाहीतर डिस्क काढलेली असताना बॅकअप मूळ डिस्कवरच जाऊन बसू शकतो.

अपयशाची सूचना कोणाच्या तरी नजरेस पडणेही आवश्यक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा नेहमीचे बॅकअप मुळात तयारच होत नव्हते असे आढळले: बॅकअपच्या कमांडची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि अपयश कळवणारे ईमेल पत्त्यावर पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, एवढेच नशीब. तेव्हा ईमेलवर विसंबण्यापेक्षा शेवटच्या चांगल्या बॅकअपची तारीख आणि आकार देवघेवीच्या टेबलावरील पडद्यावर रोज दिसेल अशी सोय करावी, आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उतरवून सभासदसंख्या ताडून पाहावी.

आता गेलेल्या नोंदींविषयी, आणि हे काम आजच करावे. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत बायनरी लॉग (डेटाबेसमधील बदलांची नोंदवही) मुळातच चालू असतो आणि मूळ रचनेनुसार तो तीस दिवस ठेवला जातो. आपण तो बंद केलेला नसल्यास, पुसलेल्या प्रत्येक नोंदीतील मजकूर त्यात सापडू शकतो. त्या लॉगच्या सर्व फाइली प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि मगच जाणकाराच्या मदतीने ‘मायएसक्यूएलबिनलॉग’ या साधनाने त्या वाचाव्यात. घटना गेल्या आठवड्यातील असल्याने हाताशी सुमारे तीन आठवडे आहेत.