‘ब्रीड कुठलं?’ असं कोणी विचारलं की पोटात गोळा येतो

मी समुपदेशन करते. कुत्रा पाळणारे बरेच जण सेशनमध्ये भलत्याच विषयावर बोलता बोलता हळूच विचारतात, मॅडम, आमचा रस्त्यावरचा आहे हे लोकांना सांगायचं का? त्यातलीच एक केस लिहितेय, परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. बोलताना कळलं की शेरूला फिरवायला ती पहाटे अंधारात नाहीतर रात्री अकरानंतरच उतरते, लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघते, आणि कोणी गाठलंच तर ‘लॅब मिक्स आहे’, म्हणजे लॅब्रेडॉरचा संकर, असं सांगून सटकते. एकदा एका काकांनी त्याच्या कानाची खाच बघून विचारलं हे काय, तर ही म्हणाली लहानपणी लागलं होतं. खरं तर ती नसबंदीची खूण. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण झालं की कानाला अशी खाच देतात, म्हणजे अभिमानाने दाखवावी अशी गोष्ट ती लपवत होती.

मी विचारलं, खरं कळलं तर काय होईल? आधी नेहमीची उत्तरं आली, घाण म्हणतील, चावेल म्हणतील, सासूबाई म्हणतात चांगल्या घरात असली कुत्री नसतात. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मॅडम, तो आमच्या चाळीतला आहे. गिरणगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, सगळी बिऱ्हाडं पांगली, जिन्याखाली झोपणाऱ्या शेरूला कोणी नेईना म्हणून ही त्याला ठाण्याच्या टॉवरमध्ये घेऊन आली. कुत्रा कुठला हे सांगायचं म्हणजे आपण कुठले हेही सांगायचं, आणि भीती त्याची होती! असं मी खूप घरांत बघते, कुत्र्याच्या जातीवरून माणसाची पायरी ठरवणारे लोक आपल्याकडे आहेतच, आणि ते मला मनापासून खटकतं.

मी तिला म्हणलं, सगळ्यांना सगळी कहाणी सांगायची काहीच गरज नाही, पण खोटं सांगितल्याने शेरूचं नुकसान होतंय. लॅब म्हटलं की लोक थेट डोक्यावर हात ठेवायला येतात, आणि वरून हात आला की शेरू दचकतो, एकदा गुरगुरलाही होता. शिवाय प्रत्येक वेळी टाळलं की भीती तेवढी घट्ट होते. आम्ही सेशनमध्येच वाक्यं बसवली, मी शेजारीण झाले आणि ती उत्तरं देत गेली. ‘इंडी आहे, म्हणजे आपला देशी, नसबंदी झालीये, रेबीजची लस वेळेवर असते, हात वरून नका नेऊ, आधी वास घेऊ द्या.’ पहिल्यांदा आवाज कापत होता, मग जमलं. विचारणाऱ्याला बहुतेकदा एवढंच हवं असतं की माझ्या पोराला चावणार नाही ना, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलच्या ऑगस्ट 2025 मधल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनंतर तर हा विषय निघाला की सोसायट्यांमध्ये लगेच आवाज चढतात, त्यामुळे ती भीती उडवून न लावता शांतपणे उत्तर द्यावं. लिफ्टचं म्हणाल तर पाळीव कुत्र्याला सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, ते परिपत्रक तिने मोबाईलमध्ये ठेवलं, अजून कोणाला दाखवायची वेळ आलेली नाही.

याच्या उलटही लोक येतात, जे भेटेल त्याला ‘किती मारलं होतं हो याला’ सांगत सुटतात आणि समोरच्याने ब्रीडरकडून आणला असेल तर त्याला अपराधी करून सोडतात. त्यांनाही मी हेच सांगते, समोरच्याने विचारलंय तेवढं सांगा. डॉक्टरांना मात्र सगळं सांगा, कुठे होता, काय खायचा, कोणी मारायचं का, उपचार त्यावर ठरतात.

आता ती संध्याकाळी सातला उतरते, तेव्हा खाली मुलं खेळत असतात. काकांना कानाचं खरं कारण तिने स्वतःहून सांगितलं, ते हं म्हणाले आणि पेपर वाचत बसले. सासूबाई पाहुण्यांना अजून लॅब मिक्सच सांगतात. तो वाद सध्या काढायचा नाही असं तिने ठरवलंय आणि मला ते पटतं.