खड्ड्यात कटकट वाजतं, वळणानंतर स्टीअरिंग सरळ येत नाही: अख्खा रॅक बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, सेकंड-हँड घेतलेली, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची. खड्ड्यात क्लीनर साइडने (डावीकडून) कटकट वाजतं आणि वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो अख्खा रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दात्यांचा दांडा, नळीसकट) बदला, घरचे म्हणतात गाडीच काढून टाका. आणि गणपतीला पुण्याहून कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचंय.

माझं गॅरेज कराडला आहे. घाट उतरायच्या आधी आणि चढून आल्यावर अशाच तक्रारी घेऊन गाड्या येतात, म्हणून स्पष्ट सांगतो. गाडी विकायची वेळ आलेली नाही, रॅकही इतक्यात बदलू नका. मात्र खाली सांगितलेली तपासणी झाल्याशिवाय ही गाडी घेऊन घाट उतरू नका.

तुम्ही एकच बिघाड समजताय, पण मला हे दोन वेगळे बिघाड वाटतात. कटकट म्हणजे कुठलातरी सांधा ढिला झालाय. स्टीअरिंग परत न येणं म्हणजे कुठेतरी काहीतरी घट्ट झालंय. ढिलं आणि घट्ट ही दोन टोकं आहेत. एका रॅकवर दोन्हींचं खापर फोडायचं असेल, तर आधी बाकीचे सांधे निर्दोष आहेत हे कुणीतरी हात लावून पाहिलेलं असायला हवं. तुमच्या लिहिण्यावरून तरी गाडी फक्त चालवून, आवाज ऐकून निदान झालेलं दिसतंय. आवाज पत्र्यातून फिरतो. डावीकडे वाजतंय असं वाटतं आणि दोष उजवीकडे सापडतो, हे आम्ही नेहमी बघतो.

आधी कटकट. अशा गाडीत खड्ड्यात वाजणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: लिंक रॉड (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याचा जोड, काही छोट्या गाड्यांना तो नसतोच), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, लोअर आर्मचा बॉल जॉइंट (तो दांडा चाकाला जोडणारा गोळीचा सांधा), टायरॉड एंड (रॅककडून येणारा टायरॉड चाकाला जोडणारा सांधा), त्याच्या आत रबरी बुटात (आवरणात) लपलेला, टायरॉड रॅकला जोडणारा रॅक एंड, वरचं स्ट्रट माउंटिंग (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा खांब बॉडीला जोडणारी जागा) आणि शेवटी रॅकच्या आतला बुश. यातला लिंक रॉड गेला तर गाडी वळणावर जरा जास्त झुकते आणि आवाज डोकं उठवतो, पण चाक जागेवर राहतं. टायरॉड एंड किंवा बॉल जॉइंट निसटला तर चाक तुमच्या ताब्यात राहत नाही. म्हणजे दोन्हींचा आवाज जवळपास सारखा आणि धोका मात्र जमीन-अस्मानाइतका वेगळा. म्हणूनच नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नका.

तपासणी दोन माणसांत होते. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टीअरिंगचं लॉक सोडलेलं. एकाने आत बसून स्टीअरिंग अगदी थोडं, दोन-तीन बोटं, डावी-उजवीकडे भराभर हलवायचं. दुसऱ्याने चाकामागे हात घालून टायरॉड एंडभोवती पंजा धरायचा. सांधा गेलेला असेल तर हाताला ‘टक’ लागतं, ते कानापेक्षा हाताला आधी कळतं. मग रॅकच्या टोकाचा घडीघडीचा रबरी बूट दाबून आतला रॅक एंड तसाच चाचपायचा. दोन्ही बाजू बघायच्या, फक्त वाजणारी नाही.

त्यानंतर मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालू नका, कितीही घाई असली तरी. चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर संशय टायरॉड एंड किंवा रॅक एंडवर. १२ आणि ६ च्या जागी धरून खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. या दोघांतला फरक सोपा आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर सांधा. तरीही बॉल जॉइंटची खात्री करायची असेल तर लोअर आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांच्यामध्ये टॉमी (लांब पहार) घालून हलकेच उचकून बघावं लागतं, कारण चाक हलवून त्याचा थोडा खेळ कळत नाही. हे शेवटचं काम गॅरेजात समोर उभं राहून करून घ्या.

आता दुसरी तक्रार. मला तुमच्या गाडीत हीच जास्त काळजीची वाटते, आणि बहुतेक लोक हिच्याकडे दुर्लक्ष करतात कारण आवाज येत नाही. पुढच्या चाकाची वळायची धुरी वरच्या बाजूला किंचित मागे कललेली असते, त्या कलाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे गाडी पुढे जात असताना वळलेलं चाक आपणहून सरळ होऊ पाहतं. वाटेत कुठे घर्षण वाढलं की ही ताकद अपुरी पडते. घाटात एका वळणातून बाहेर पडताच उलट दिशेचं वळण येतं. तिथे स्टीअरिंग मध्येच अडकून राहिलं, तर गाडी समोरच्याच्या लेनमध्ये जाते.

घर्षणाच्या जागा अशा. आधी टायरमधली हवा बघा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. कमी हवेनेही स्टीअरिंग आळशी होतं. मग स्ट्रटच्या वरचं बेअरिंग: ते गंजून बसलं की उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उसळते आणि बॉनेटखाली, स्ट्रटच्या माथ्यावर हात ठेवला तर ती उसळी हाताला लागते. मग कोरडा पडलेला बॉल जॉइंट. मग कॉलमच्या (स्टीअरिंगपासून रॅककडे जाणाऱ्या दांड्याच्या) खालच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे वाकता सांधा. तो जाम असेल तर स्टीअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. त्या ठेक्यावरूनच तो ओळखू येतो.

आणि एक कारण माणसाने केलेलं असतं. रॅकच्या मागच्या बाजूला एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो आतल्या दांड्याला पिनियनवर (स्टीअरिंगने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर) दाबून धरतो. खड्ड्यात रॅक वाजतो म्हटलं की काही ठिकाणी हा स्क्रू आवळून देतात. आवाज त्या दिवशी थांबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण रॅकचे दाते मध्यावर जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मध्यावरची झीज भरून निघेल इतकं आवळलं, तर कडेच्या न झिजलेल्या दात्यांवर रॅक जाम होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग परत येत नाही. साताऱ्याकडून आलेली एक गाडी आमच्याकडे याच तक्रारीसाठी होती. पॉवर स्टीअरिंगची मोटर बदलायला सांगितलेली, आणि प्रत्यक्षात तो स्क्रू योग्य मापावर आणल्यावर स्टीअरिंग मोकळं झालं. तेव्हा तुमच्या गॅरेजवाल्याला नीट विचारा: कटकट थांबवायला मध्यंतरी रॅक टाइट केला होता का? स्क्रू किती आवळायचा याचं माप मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने फिरवायची ती वस्तू नव्हे.

घट्टपणा नेमका कुठे आहे हे शोधायची खात्रीची पद्धत सांगतो, ही करून घेतली की वाद मिटतो. पुढची दोन्ही चाकं हवेत, इंजिन बंद. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड लागलं तर दोन्ही टायरॉड एंड नकलमधून सोडवा. आता चाक नुसत्या हाताने डावी-उजवीकडे वळवा. चाक जड असेल तर दोष स्ट्रट बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा, रॅकचा काहीही संबंध नाही. चाक मोकळं आणि स्टीअरिंग अजून जड असेल, तर दोष रॅकमध्ये किंवा कॉलममध्ये. मग क्रॉसचा बोल्ट काढून ते दोन वेगळे करायचे. एअरबॅग असेल तर कॉलम सुटलेला असताना स्टीअरिंग चाक गरागरा फिरवायचं नाही, आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली वायर) तुटते.

इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगबद्दल (ईपीएस) घरच्यांना भीती वाटत असेल, तर ती कमी करतो. मोटर बंद पडली तरी चाकाशी असलेला लोखंडी जोड तसाच असतो, स्टीअरिंग जड होतं पण सुटत नाही. डॅशबोर्डवर ईपीएसचा दिवा लागत असेल तर मोटरला हात लावण्याआधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगच्या वायरी तपासा, व्होल्टेज पडलं तरी तो दिवा लागतो. गाडी सेकंड-हँड आहे म्हणून आणखी एक बघा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. असं पाणी बघितलेल्या गाडीत डॅशखालचे कनेक्टर पुढे कित्येक महिन्यांनी हिरवे पडून त्रास देतात. सीटच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढून मुळाशी चिखलाची रेघ दिसते का पाहा.

आणि कळकळीने सांगतो: उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका. आजही अनेक जण करतात. पॉवर स्टीअरिंग जातं, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, आणि चुकून किल्ली निघाली तर स्टीअरिंग लॉक होतं. गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा.

आता रबरी बूट. माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात जास्त लक्ष याच वस्तूकडे द्यावं. टायरॉड एंड आणि बॉल जॉइंट एका दिवसात जात नाहीत. आधी बूट तडकतो, पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, गंज चढतो, मग खेळ येतो. कोकणात गाडी राहत असेल तर खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ९८ व्या नियमातही हे आहे: स्टीअरिंगच्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी कॅप हवी आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात. त्याच नियमात स्टीअरिंगला ३० अंशांपर्यंत खेळ चालतो. पण हिशेब करून बघा, साधारण ३७ सें.मी. व्यासाच्या स्टीअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १० सें.मी. होतात! बहुतेक छोट्या गाड्यांची मॅन्युअलं कडेला साधारण ३० मि.मी. इतकाच खेळ मान्य करतात. तुम्ही मॅन्युअलचं माप धरा. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतील, फेरनोंदणीला आरटीओत तपासणी होईल, तेव्हा हे काम आत्ता केलंत तर तिथेही उपयोगी पडेल.

रॅक खरंच बदलावा लागतो तो केव्हा? बूट सरकवल्यावर आतला दांडा गंजून खड्डे पडलेला दिसला, टायरॉड रॅकजवळ धरून वर-खाली हलवल्यावर रॅकचा दांडाच त्याच्या बाहेरच्या नळीत हलला, किंवा वरच्या पद्धतीने सगळं सुटं करूनही रॅक स्वतः अडकत असेल तेव्हा. नुसता टोकाचा बुश गेला असेल तर तो बऱ्याच गाड्यांत वेगळा मिळतो. टायरॉड एंड काही शेकड्यांत येतो, रॅक हजारांत जातो, म्हणून हा क्रम पाळण्यात तुमचा फायदा आहे. तपासणीत टायरॉड एंड किंवा बॉल जॉइंट गेलेला निघाला तर मात्र काम झाल्याशिवाय गाडी हलवू नका, बाजारापर्यंतसुद्धा नाही.

सुटे भाग घेताना कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रँडचेच घ्या, बिलासकट. स्प्लिट पिन आणि नायलॉनचे नट जुने परत लावू देऊ नका, नवेच हवेत. बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट आर्मसकटच मिळतो. सुटा ठोकून बसवण्यापेक्षा तसा घ्या. टायरॉडला हात लागला की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर टायर महिन्या-दोन महिन्यांत कडेने खाऊन टाकेल.

काम झालं की लगेच घाटाला निघू नका. आठवडाभर पुण्यातच चालवा, ओळखीच्या खड्ड्यांवरून आणि ओळखीच्या वळणांवरून. निघायच्या आदल्या दिवशी टायरॉडचे लॉक नट आणि लोअर आर्मचे बोल्ट एकदा पान्याने तपासून घ्या. तपासणीत काय सापडलं ते इथे लिहा. कुठल्या जागी धरल्यावर खेळ लागला आणि टायरॉड सोडल्यावर चाक मोकळं होतं की जड, एवढं कळवलंत तरी पुढचं सांगता येईल.